डॉ. लुसी विल्स : परळच्या प्रयोगशाळेपासून गरोदर मातेच्या गोळीपर्यंत

मोताळ्यापासून लोणारपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात गरोदर मातांना एक लाल गोळी दिली जाते. गावात तिला रक्तवाढीची गोळी म्हणतात. आशाताई ती मोजून देतात आणि पुढच्या भेटीत घेतली का म्हणून विचारतातही. या एका गोळीत दोन औषधे असतात : 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. रक्तासाठी लोह लागते हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. फॉलिक अ‍ॅसिड कशासाठी, असे विचारले तर मात्र पुष्कळदा उत्तर येत नाही. वजनाने ते लोहाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. पण पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडायचा, तर हा एवढासा कण वेळेवर मिळावा लागतो.

या कणाचा माग सर्वांत आधी ज्यांनी काढला, त्या डॉ. लुसी विल्स इंग्रज होत्या. पण तो माग त्यांनी आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत काढला. 10 मे 2019 रोजी गुगलने त्यांच्या जन्मदिवशी आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वाचले असेल. आजचा लेख त्यांच्याविषयी आणि त्यांच्या शोधातून आपल्या घरातल्या सुनांनी-लेकींनी काय घ्यायचे, याविषयी.

उशिरा डॉक्टर झालेली मुलगी

लुसी विल्स यांचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घरचा धंदा धारदार अवजारे बनवण्याचा. वडील विज्ञानाचे पदवीधर, आई एका डॉक्टरची मुलगी. घरात मुलींच्या शिक्षणाला विरोध नव्हता. चेल्टनहॅमच्या नावाजलेल्या मुलींच्या शाळेतून त्या 1907 मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या आणि तेथे वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. 1911 मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण पदवी मिळाली नाही. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. हा नियम बदलायला 1948 साल उजाडले.

परीक्षेच्या वर्षीच वडील गेले. दोन वर्षांनी थोरली बहीण गेली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. घर सुने झाले. आईला घेऊन लुसी श्रीलंकेला नातलगांकडे जाऊन आल्या आणि 1914 मध्ये एका मैत्रिणीबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेल्या. त्या तिकडे असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाउनमध्ये काही आठवडे त्यांनी स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. पुढे काय करायचे हे तोवर ठरत नव्हते, ते या काळात ठरले. 1915 च्या जानेवारीत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले.

हे ब्रिटनमधले बायकांसाठीचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय. भारतातून गेलेल्या मुलीही तेथे शिकत. आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड तिथल्याच. 1919 मध्ये त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातली वरची पदवी घेतली आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. लुसी विल्स 1920 मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या रसायन-विकृतिशास्त्र विभागात संशोधन आणि अध्यापन पत्करले. गरोदरपणात शरीराच्या रसायनात काय बदल होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

मुंबईतल्या फिकट माता

1920 च्या दशकात मुंबईत बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची संख्या भयावह होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती आणि इंडियन रिसर्च फंड असोसिएशन तिला पैसा देत होती. हीच संस्था म्हणजे आजच्या आयसीएमआरची पूर्वज. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र रक्तक्षय दिसत होता. तो समजून घेण्यासाठी बाल्फोर यांनी लुसी विल्स यांना बोलावले. 1928 मध्ये त्या मुंबईत आल्या.

वऱ्हाडचा कापूस आगगाडीने ज्या मुंबईकडे जात होता, ती ही मुंबई. गिरणगावात चाळीतल्या एकेका खोलीत कितीतरी माणसे राहत. बाई गिरणीत उभी राही, घरी येऊन रांधी आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले खाई. पोटुशी राहिली तरी तिच्या ताटात वेगळे काही पडत नसे. सातव्या-आठव्या महिन्यात ती पांढरीफटक पडे, पायांवर सूज चढे, धाप लागे. बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी जीव जाई.

अशा बाईचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की लोहाच्या कमतरतेत दिसते त्याच्या उलट चित्र दिसे. लोह कमी पडले तर तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येने फार थोड्या. अशाच मोठ्या पेशी पर्निशियस अ‍ॅनिमिया नावाच्या एका वेगळ्या आजारातही दिसतात. त्या आजारावर यकृत खायला दिले की गुण येतो, हे अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी 1926 मध्येच दाखवले होते. मग मुंबईतला आजार तोच होता की दुसराच, हा पहिला प्रश्न.

लुसी विल्स यांनी कामाला सुरुवात केली ती अगदी पायापासून. आधी जंतुसंसर्गाची शंका तपासली. काही जंतू हाती लागला नाही. मग त्यांनी बायकांच्या आहाराची चौकशी मांडली : कोण काय खाते, किती खाते, दूध-अंडी-मांस-भाजी-फळे कुणाच्या वाट्याला किती येतात. हा आजार सर्वांना सारखा होत नव्हता. ज्यांचे जेवण सर्वांत हलके, त्या गरीब बायकांत तो जास्त होता आणि त्यातही गरीब मुसलमान बायकांत विशेष. खात्यापित्या घरच्या बायकांत तो क्वचितच सापडे. आजाराचे मूळ ताटात आहे, हे यावरून सुचले.

पुढची पायरी प्राण्यांवरच्या प्रयोगांची. पांढऱ्या उंदरांना त्यांनी या बायकांच्या जेवणासारखेच अन्न दिले. उंदरांना रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टळला. पण पुढे कळले की उंदरांच्या रक्तक्षयामागे बार्टोनेला नावाच्या जंतूचा हात होता. दुसरा कुणी असता तर कदाचित वाटच सोडून दिली असती. लुसी विल्स माकडांकडे वळल्या. एका माकडाची प्रकृती फारच ढासळली, तेव्हा त्यांनी त्याला मार्माइट खाऊ घातले आणि माकड तरारले, अशी हकीकत सांगितली जाते.

मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट लगदा. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. यकृताच्या अर्काच्या मानाने तो कितीतरी स्वस्त होता. लुसी विल्स यांनी तो मुंबईतल्या आजारी गरोदर बायकांना दिला. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागत, भूक परत येई, चेहऱ्यावर रंग चढे. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मधल्या काळात त्या काही महिने कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत आणि नंतर मद्रासच्या रुग्णालयातही काम करून आल्या. 1933 मध्ये त्या लंडनला परतल्या. 1937 च्या अखेरीस पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या, या वेळी बोटीऐवजी विमानाने. साउदम्प्टनहून कराचीला पोहोचायलाच तेव्हा पाच दिवस लागले.

याच टप्प्यावर त्यांचा सर्वांत नेमका निष्कर्ष निघाला. यकृताचा खूप शुद्ध केलेला अर्क पर्निशियस अ‍ॅनिमियावर चाले, पण या गरोदर बायकांवर चालत नसे. यकृताचा कच्चा अर्क मात्र दोन्हींवर चाले. याचा अर्थ सरळ होता. यकृतात रक्त वाढवणारे दोन वेगवेगळे पदार्थ असले पाहिजेत. शुद्ध करताना त्यातला एक निघून जातो, आणि मुंबईच्या बायकांना नेमका तोच हवा आहे. नाव ठाऊक नसलेल्या या पदार्थाला जगभरचे वैज्ञानिक विल्स फॅक्टर म्हणू लागले. यकृतातला दुसरा पदार्थ म्हणजे आपण आज ज्याला बी-12 म्हणतो ते जीवनसत्त्व.

पालकाच्या पानातून सुब्बारावांच्या हाती

1941 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी तब्बल चार टन पालकापासून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव पडले फॉलिक अ‍ॅसिड. तो कारखान्यात कृत्रिम रीतीने बनवण्याचे श्रेय लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूचे आणि त्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. 1945 मध्ये हे काम तडीस गेले. विल्स फॅक्टर तो हाच, हे मग स्पष्ट झाले. परळच्या प्रयोगशाळेत सुरू झालेला माग एका भारतीयाच्याच हाती येऊन पूर्ण झाला.

फॉलेटचा पेशीविभाजनाशी किती घट्ट संबंध आहे, हे पुढच्या तीन वर्षांत वेगळ्याच रीतीने सिद्ध झाले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीचा पदार्थ दिल्यावर हा कर्करोग भडकतो, असे त्यांना दिसले. मग त्यांनी सुब्बारावांच्या प्रयोगशाळेकडून त्याच्या उलट काम करणारे औषध, अमिनोप्टेरिन, घेतले. काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना, मागे हटला. 1948 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आज कर्करोगासाठी आणि संधिवातासाठी वापरले जाणारे मेथोट्रेक्झेट याच घराण्यातले. म्हणूनच ते औषध चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, असे डॉक्टर निक्षून सांगतात.

एका पेशीच्या दोन होताना

फॉलेट पेशीत नेमके करते काय? पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या डीएनएची हुबेहूब दुसरी प्रत काढावी लागते. डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातले एक अक्षर, थायमिन, बनवण्याचे काम थायमिडिलेट सिंथेज नावाचे एक प्रथिन करते. या कारागिराला अक्षर पुरे करण्यासाठी कार्बनचा एक तुकडा लागतो आणि तो आणून देणारा हमाल म्हणजे फॉलेट. हमाल आलाच नाही तर कारागीर हात बांधून बसतो. प्रत अर्धवट राहते. पेशीचा बाकीचा भाग मात्र वाढतच जातो, पण तिचे दोन तुकडे होत नाहीत. शरीराने मोठी आणि केंद्रकाने कच्ची अशी ती पेशी तयार होते. लुसी विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते ते याच बिघाडाचे रूप. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी बनत असतात. जिथे विभाजनाची घाई सर्वांत जास्त, तिथे तुटवडा सर्वांत आधी जाणवतो.

प्रत काढून झाली की पुढचे काम दुसऱ्या प्रथिनांचे. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे पेशीच्या दोन टोकांपासून निघतात आणि मध्ये फुगीर, टोकांना निमुळती अशी सूत कातायच्या चातीसारखी रचना तयार होते. हे धागे गुणसूत्रांना धरून अर्धी इकडे, अर्धी तिकडे ओढतात. चाती आडवी आहे की उभी, यावर पेशी कोणत्या दिशेने दुभंगणार हे ठरते. गर्भाच्या मेंदूत ही दिशा फार महत्त्वाची. मूळ पेशी एका दिशेने दुभंगली तर दोन सारख्या मूळ पेशी मिळतात, म्हणजे भांडवल वाढते. दुसऱ्या दिशेने दुभंगली तर एक मूळ पेशी उरते आणि दुसरी मज्जापेशी होण्याच्या वाटेला लागते. चातीच्या टोकाशी राहणारे एएसपीएम नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकात आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून दोष आला तर भांडवल वाढण्याआधीच संपते आणि बाळ लहान डोके व लहान मेंदू घेऊन जन्मते. यालाच मायक्रोसेफली म्हणतात. जवळच्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होणाऱ्या कुटुंबांत हा दोष जास्त सापडतो. अशा घरात आधी एक बाळ असे जन्मले असेल तर पुढच्या वेळेआधी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा. या जनुकीय दोषावर फॉलिक अ‍ॅसिडचा इलाज नाही. ते ज्या दोषावर चालते, तो मेंदू घडण्याच्या याहूनही आधीच्या पायरीवरचा आहे.

अठ्ठावीस दिवसांचे काम

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी दिसू लागते. तिच्या कडा वर उचलल्या जातात. पेशींमधली आकुंचन पावणारी प्रथिने बटव्याची नाडी ओढावी तशी आवळतात, पट्टी वळते आणि दोन्ही कडा मध्ये येऊन जुळतात. सपाट पट्टीची नळी होते. तिला न्यूरल ट्यूब म्हणतात. या नळीच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. हे सारे चालू असताना पेशी भराभर दुभंगत असतात. वरचे तोंड साधारण पंचविसाव्या दिवशी बंद होते, खालचे अठ्ठाविसाव्या दिवशी.

वरचे तोंड उघडे राहिले तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग बनतच नाही. असे बाळ जगत नाही. खालचे उघडे राहिले तर पाठीवर फोड किंवा गाठ दिसते, तिला स्पायना बायफिडा म्हणतात. शस्त्रक्रिया करून त्वचा शिवता येते, पण पायांतले बळ, लघवी-शौचावरचा ताबा यांचे दुखणे अनेकांना जन्मभर पुरते. पुष्कळांच्या डोक्यात पाणी साठते, त्यासाठी नळी बसवावी लागते. आई-बापाच्या आयुष्याचा मोठा भाग अकोला, नागपूर, मुंबई अशा वाऱ्या करण्यात जातो.

याचा फॉलेटशी संबंध असावा, हे लिव्हरपूलच्या एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी 1965 मध्ये मांडले. त्याला पुरावा मिळायला सव्वीस वर्षे गेली. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या 33 केंद्रांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांचे आधीचे बाळ या दोषाचे होते अशा स्त्रियांना दिवस राहण्याआधीपासून रोज 4 मिलीग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिले, तेव्हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासाने दाखवले की आधी असे बाळ झालेले नसले तरी फॉलिक अ‍ॅसिड असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा फायदा होतो. 1998 पासून अमेरिकेने धान्याच्या पिठात फॉलिक अ‍ॅसिड मिसळणे सक्तीचे केले.

लुसी विल्स यांनी यातले काही पाहिले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्ये विकृतिशास्त्रज्ञ म्हणून पूर्णवेळ राबल्या. 1944 च्या जुलैत रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडून अनेक माणसे दगावली. त्यांच्या विभागाचे काम थोड्याच दिवसांत पुन्हा उभे राहिले. युद्धकाळात गरोदर बायकांना सरसकट लोह दिल्याने काय फरक पडतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. म्हणजे आपल्या लाल गोळीतल्या दोन्ही औषधांवर या बाईंचा हात फिरलेला आहे. रॉयल फ्रीमध्ये रक्तविज्ञानाचा पहिला विभाग त्यांनी उभारला. 1947 मध्ये निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन आहार आणि रक्तक्षय यांवर काम केले. शेवटची दहा वर्षे त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. लग्न केले नाही. कामावर सायकलने जात, डोंगरांची आवड होती. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचे निधन झाले.

गोळी येते, पण उशिरा

आता आपल्या घराकडे वळू. भारतात गरोदर मातांना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड देण्याचा कार्यक्रम 1970 पासून आहे. 2018 मध्ये अ‍ॅनिमिया मुक्त भारत मोहिमेने त्याला नवे रूप दिले. लाल गोळी चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस घ्यायची असते. रक्तासाठी हे योग्यच आहे. पण न्यूरल ट्यूबचे काम तोवर केव्हाच संपलेले असते.

हिशोब करून पाहा. गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवस म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. पाळी चुकली, वाट पाहिली, मग तपासणीची पट्टी आणली, एवढ्यात ते दिवस निघून जातात. त्यात आपल्याकडची रीत अशी की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही. दृष्ट लागते म्हणतात. त्यामुळे नोंदणीला बाई येते ती तिसऱ्या महिन्याच्या काठावर. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना मग पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पाठीचा कणा उघडा दिसतो. त्या वेळी कितीही गोळ्या दिल्या तरी उघडी राहिलेली नळी मिटत नाही. समोर बसलेल्या जोडप्याला काय सांगायचे, हा आमच्या कामातला सर्वांत जड प्रसंग असतो.

म्हणून मूल हवे असे ठरले की त्याच दिवसापासून, निदान महिनाभर आधी, रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे आणि पहिले तीन महिने चालू ठेवावे. गोळी स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात त्यासाठी पैसे पडत नाहीत. नव्या लग्नाच्या मुलींनी लाजू नये, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मागावी. सासूबाईंनी पुढाकार घेतला तर काम आणखी सोपे होईल. शाळा-कॉलेजात मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीतही फॉलिक अ‍ॅसिड आहे. ती खिडकीतून फेकू नये.

काही जणींनी स्वतःच्या मनाने डोस ठरवू नये. ज्यांचे आधीचे बाळ या दोषाचे होते त्यांना मोठा डोस लागतो. मिरगीसाठी व्हॅल्प्रोएटसारखे औषध घेणाऱ्यांनी औषध एकदम बंद न करता दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. मधुमेह असेल, सिकलसेल असेल तरीही आधी सल्ला घ्यावा. आणखी एक. बी-12 कमी पडले तरी रक्तातल्या पेशी अशाच मोठ्या दिसतात. मांस-अंडी मुळीच न खाणाऱ्या आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या घरांत हे पुष्कळ आढळते. अशा वेळी नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिले तर रक्त सुधारल्यासारखे वाटते, पण हातापायांच्या नसांचे नुकसान आतून चालूच राहते. मुंग्या, बधिरपणा असेल तर बी-12 ची तपासणी करून घ्यावी.

राहिला आहार. फॉलेट भरपूर असलेल्या वस्तू आपल्या जिल्ह्याच्या शेतातच पिकतात : हरभरा, मूग, तूर, शेंगदाणे, पालक आणि इतर पालेभाज्या. पण हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि फार शिजवले की जाते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, उकडलेले पाणी ओतून देऊ नये. हिवाळ्यात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा आपण करतोच. पाला स्वच्छ धुऊन केला तर फॉलेट त्यात जवळजवळ पूर्ण राहते. तरीही त्या पहिल्या महिन्यापुरते केवळ जेवणावर विसंबू नये, गोळी घ्यावीच.

गिरणगावातल्या फिकट बायकांना पाहून लुसी विल्स यांनी आधी त्यांच्या ताटात काय पडते ते विचारले होते. आजही उपाय तिथूनच सुरू होतो. तुळशीचे लग्न लागले की आपल्या गावोगावी लग्नसराई सुरू होईल. नव्या सुनेच्या ताटात भाकरीबरोबर वरण आणि पालेभाजी पुरेशी पडते का, हे पाहा, आणि मूल हवे असे ठरले की पाळी चुकण्याची वाट न पाहता फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तिच्या हाती द्या.